तान्ह्यांचा माळ

माझी पहिली मुलगी नऊ दिवस जगली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिला नाव नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर माझं नाव आणि त्याच्यापुढे 'यांचे बाळ' एवढंच लिहिलेलं होतं.

तेव्हा आम्ही मुळशीत, कासार आंबोलीच्या पुढच्या एका गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. आम्ही दोघंही लातूरकडचे. नवरा हिंजवडीत एका कंपनीत संगणकाच्या कामाला, मी पिरंगुटला एका कारखान्याच्या ऑफिसात. घरमालक साठीचे शेतकरी, त्यांना मी काका म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला मावशी. त्यांची एक मुलगी लग्न होऊन मुठ्याला दिलेली, घरात दोघंच. माझ्या बाळंतपणाची सगळी तयारी मावशींनी केली होती. शेक, डिंकाचे लाडू, जुन्या सुती लुगड्याची दुपटी, सगळं.

मुलगी गेली त्या सकाळी मला ताप होता, टाके चिघळले होते. डॉक्टर मला सोडायला तयार नव्हते. नवरा आणि काका काकांच्या गाडीतून तिला घेऊन गेले. जाताना नवऱ्यानं तिला माझ्याजवळ आणलं. दुपट्याचं टोक बाजूला करून मी तिचा कान पाहिला. का कान, ते मला सांगता येणार नाही. मग ते गेले.

चार दिवसांनी मी घरी आले तर खोली धुतलेली होती. पाळणा नव्हता. दुपटी, टोपडी, तेलाची वाटी, काहीच नव्हतं. मी नवऱ्याला विचारलं, "कुठं ठेवलंत तिला?"

"गावाबाहेर. ओढ्याच्या पलीकडं."

"म्हणजे कुठं?"

"काका होते बरोबर. त्यांना माहिती आहे," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बायकांनी इचारू न्हाई पोरी. तितं जाऊ बी न्हाई."

"तुमचं कुणी आहे तिथं?"

त्या तांदूळ निवडत होत्या. ताटावरची नजर न उचलता म्हणाल्या, "दोन."

त्यापुढे सात वर्षं आम्ही त्यावर बोललो नाही.

दात न आलेल्या लेकराला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत होतं. आमच्या गावीही तसंच. पण इथली जागा जुनी होती. ओढ्यापलीकडच्या त्या उतारावर वीरगळ होते, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसांच्या आठवणीचे कोरीव दगड. कुठं तलवार उगारलेला माणूस, कुठं घोडा, एका दगडावर नुसती दोन पावलं. गाव वसायच्या आधी तिथं मोठी चकमक झाली आणि मेलेल्यांना तिथंच पुरलं, असं म्हातारे सांगायचे. पुढे कधीतरी गावातली तान्ही लेकरं त्यांच्याशेजारी, त्यांच्या राखणीला ठेवायची रीत पडली. गाव त्याला तान्ह्यांचा माळ म्हणे. बापांनी आणि चुलत्यांनी तिथं जायचं, खड्डा करायचा, वर ओढ्यातले धोंडे रचायचे आणि मागं न बघता यायचं. आईनं जायचं नाही. पाय तिकडे वळले तर पुढचंही मूल राहत नाही, असं सांगून तिला अडवायचे.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. तो शाळेत जायला लागला तसा नवरा म्हणू लागला, चांद्याला फ्लॅट घेऊ, हिंजवडी जवळ पडेल, शाळाही बरी. मी दरवेळी काहीतरी कारण काढायची. पाणी येत नाही म्हणे तिकडं. ट्रॅफिक किती असतं. मावशी एकट्या पडतील. खरं कारण त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही.

त्या काळात गाव बदलत होतं. डोंगराच्या बाजूच्या जमिनी बंगल्यांसाठी विकल्या जात होत्या. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या गाड्या यायच्या, सोमवारी रस्त्याकडेला पत्रावळ्या आणि बाटल्या पडलेल्या असायच्या. माळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दवाखाने सुधारले, लेकरं वाचायला लागली, तसं तिथं जाणंही कमी झालं. घाणेरीची झुडपं आणि रानमोडीचं तण माजलं. त्यात बांधकामाचा राडारोडा पडू लागला.

एके दिवशी बचत गटाच्या बैठकीला आम्ही देवळाच्या मंडपात बसलो होतो. एकीनं सहज सांगितलं की माळाच्या वरच्या अंगाला जेसीबीनं रस्ता काढलाय, आणि कोरीव दगड उपटून गटारात टाकलाय. तलवारवाल्या माणसाचं तोंड खाली, पाठ वर.

 मावशी माझ्या शेजारीच होत्या. बैठकीत त्या एरवी अंगठा उठवण्यापुरत्या असायच्या. त्या म्हणाल्या, "माजी दोन हायेत तितं."

थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, "माजं एक." मग कोपऱ्यातून, "माजी बी पोरगी." मग आणखी एक. एक सून आपल्या सासूकडे बघत होती, कारण सासूनं घरात हे कधीच सांगितलं नव्हतं. मंडपात आम्ही चौदा जणी होतो, त्यातल्या नऊ जणींचं तिथं कुणी ना कुणी होतं. शेवटी, कुणी विचारलं नसतानाही, मी म्हणाले, "माझी एक." बाहेर असं मी पहिल्यांदाच बोलत होते. मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बैठक संपेपर्यंत तो काढला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही कोयते आणि विळे घेऊन ओढा ओलांडला. पारावर पुरुष बसले होते. एक जण ओरडला, "कुटं निगालात? बायकांचं काम हाय का ते?"

आमच्यातली सगळ्यांत म्हातारी थांबली आणि म्हणाली, "तुमचं काम व्हतं. तुमी केलं न्हाई." आणि चालायला लागली.

पहिल्या दिवशी आम्ही नुसता कचरा काढला. बाटल्या, थर्माकोलच्या थाळ्या, फुटक्या फरश्या, रंगाचे डबे. एका प्लास्टिकच्या पिशवीत लहान मुलांचे वापरलेले डायपर होते, गच्च भरलेले. कुठल्यातरी बंगल्यातून आलेले. पिशवी फाटली आणि ते त्या धोंड्यांवर सांडले. एक बाई तिथंच खाली बसली. ते मी उचलले. माझ्या हाताला काही वाटलं नाही. घरी येऊन मात्र मी साबणानं हात धुतच राहिले.

घाणेरी मुळासकट निघत नाही. हात सोलून निघाले. चार रविवारांनी जमीन दिसू लागली, आणि मग धोंडे दिसले. ओढ्यातले गुळगुळीत, भाकरीएवढे, काही मुठीएवढे. कुठं पाच रचलेले, कुठं तीन, कुठं एकच उरलेला. कशावर काही लिहिलेलं नाही, खूण नाही. आम्ही चौदा जणी त्यांच्यात उभ्या होतो आणि कुणाचा कुठला, हे एकीलाही माहीत नव्हतं. ते फक्त पुरुषांना माहीत होतं.

मग एकेक जण आपापल्या माणसाला घेऊन आली. हे मी विसरणार नाही. पारावर बसणारे तेच पुरुष चपला ओढ्याकाठी काढून, मान खाली घालून यायचे. कुणाला लगेच आठवायचं. "हितं. ह्या खडकाच्या डाव्या अंगाला." बायको तिथं बसायची, धोंड्यावरची माती पदरानं पुसायची. कुणाला आठवायचं नाही. पंच्याऐंशीच्या एका म्हाताऱ्याला त्याच्या सुनेनं धरून आणलं. त्यानं एक जागा दाखवली, मग दुसरी, मग तिसरी, आणि मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. "चार व्हती गं. चारी येगयेगळी. मला लागंना." ज्या विधवा होत्या, ज्यांचे दीर-सासरेही गेले होते, त्यांना विचारायला कुणी नव्हतं. त्या धोंड्यांमधून फिरत राहायच्या.

पुण्याहून एक अभ्यासक आले. कुणीतरी मोबाइलवर फोटो टाकले होते. चांगले गृहस्थ, वीरगळ बघून हरखले. गटारातला दगड आम्ही सगळ्यांनी मिळून दोरानं ओढून वर आणला होता, त्याची त्यांनी मापं घेतली, फोटो काढले. फार जुना आहे, संग्रहालयात न्यायला हवा, म्हणाले. मी त्यांना छोटे धोंडे दाखवले. "हे काय, साधे आहेत," असं म्हणून ते पुढे गेले. त्यांनी दगड न्यायची गोष्ट काढली तेव्हा मावशी म्हणाल्या, "त्यो राखणीला हाय. त्यो जायाचा न्हाई." तो दगड अजून तिथंच आहे.

मी नवऱ्याला घेऊन गेले.  "करंजाचं झाड होतं," तो म्हणाला. "मोठं. त्याच्या सावलीत." आम्ही सगळा माळ पाहिला. करंज कुठंच नव्हता. "काकांना विचारू," तो म्हणाला.

काकांना मी चार महिने विचारत होते. गुडघा दुखतोय, म्हशीला डॉक्टर यायचाय, पाहुणे आहेत. मावशीही म्हणायच्या, "चला की एकडाव. माज्यासाठी न्हाई, पोरीसाठी तरी." ते उठून गोठ्यात जायचे. मला वाटायचं, त्यांना दुःख होत असेल. मी जोर करणं सोडलं.

मग एका रविवारी ते आपण होऊन आले. आम्ही सात-आठ जणी होतो. ते साफ केलेल्या जागेतून सरळ वर चढत गेले, नव्या रस्त्यापर्यंत, आणि तिथल्या तारेच्या कुंपणापाशी थांबले. कुंपणापलीकडे एका बंगल्याची हिरवळ होती, कापून सारखी केलेली. तिच्या मधोमध सिमेंटचा चौथरा, वर छत्रीसारखं छप्पर, खाली वेताच्या खुर्च्या.

"तितं," काका म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. "तिथं काय?"

"करंज तितं व्हता. तुजी पोरगी तितंच हाय."

मावशी माझ्या मागून आल्या होत्या. काकांनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "मोजणी झाली तवा तेवढा तुकडा माज्या गटात आला. सातबारा माज्याच नावावर. समद्यांनी इकलं, मी बी इकलं. मला वाटलं, कुणाला ठावं हाय. बायका तर येत न्हाईत हिकडं."

"आन आपली?" मावशींनी विचारलं.

"ती बी तितंच. करंजाच्या दुसऱ्या अंगाला."

मावशींनी ऐकून घेतलं.  विळा हातात होता, तो त्यांनी दुसऱ्या हातात घेतला. मग खाली उतरून जिथं काम करत होत्या तिथं बसल्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी धोंड्याभोवतीचं गवत काढायला लागल्या. काका कुंपणाला धरून उभे राहिले. मी कुणाकडे जावं ते मला समजेना. सात-आठ वर्षं ह्या माणसाच्या घरात मी राहिले. ह्यानंच माझ्या मुलीला मांडीवर घेऊन आणलं होतं, कारण गाडी नवरा चालवत होता. ह्यानंच खड्डा खणला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि तो आला, पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी नुसती त्या खुर्च्यांकडे बघत होते. एका खुर्चीवर ओला टॉवेल वाळत घातला होता.

बंगल्याचा राखणदार बिहारचा होता. त्यानं मालकांना फोन लावून दिला. ते पुढच्या शनिवारी आले, नवरा-बायको, पन्नाशीचे. मी सगळं सांगितलं. बाई पांढरी पडली. "आम्हाला कुणी काहीच सांगितलं नाही हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि ते खरंच असणार. तिनं फाटक उघडलं. मी आणि मावशी आत गेलो. हिरवळ पायाला मऊ आणि ओली लागली. करंजाचा बुंधाही उरला नव्हता. चौथऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं हेही कळत नव्हतं. मावशी म्हणाल्या, "पाया किती खोल काडला व्हता?" मालक म्हणाले, "चार-पाच फूट." मावशींनी मान हलवली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बाहेर आलो. तेवढं खणल्यावर खाली काही उरत नाही, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. माती ट्रॅक्टरनं कुठंतरी भरावाला गेली असणार.

महिन्याभरात त्या बंगल्यात भटजी बोलावून शांती झाली, आणि तारेच्या जागी दहा फुटी भिंत उभी राहिली. नंतर तो विकायला काढला असं ऐकलं.

उरलेल्या माळासाठी ग्रामसभेत ठराव झाला. त्या दिवशी आम्ही सगळ्या जणी पुढच्या रांगेत बसलो होतो. स्मशानाची जागा म्हणून नोंद लागली. भोवती गावातल्याच लोकांनी दगडावर दगड रचून गडगा घातला, पुरुषही आले. ज्यांच्या जागा सापडल्या नव्हत्या, त्यांनी गडग्यालगत आपापला एक धोंडा ठेवायचा असं ठरलं. ज्या विधवांना जागा कळली नव्हती, त्यांनी ओढ्यातून धोंडे आणले. मीही एक आणला. मावशींनी आणला नाही.

"जितं न्हाईत, तितं धोंडा ठिवून काय करू?" त्या म्हणाल्या.

मी माझा धोंडा परत ओढ्यात सोडला.

काका आणि मावशी एकाच घरात राहतात. मावशी त्यांना वेळेवर ताट वाढतात, गोळ्या देतात. पण त्या दिवसापासून मावशींना काकांशी सरळ बोलताना मी ऐकलेलं नाही. "जेवायला वाढलंय" हेही त्या भिंतीकडे बघून म्हणतात. काकांशी मी बोलते. पहिलं वर्षभर बोलत नव्हते. एकदा त्यांनी मला विचारलं, "पोरी, मी काय करू ते तरी सांग." मी घरात निघून गेले. 

गडगा झाल्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही चांद्याला राहायला गेलो. आता थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. नवऱ्यानं सामान बांधताना एवढंच म्हटलं, "मी तेव्हाच तुला माळावर घेऊन जायला पाहिजे होतं." मी खोक्याला चिकटपट्टी लावत होते. मी म्हणाले, "हो."

रविवारी मी अजून माळावर जाते. यंदा उन्हाळ्यात तिथं नव्यानं एक मूल ठेवलं. जवळच्या इमारतीच्या कामावर छत्तीसगढचं एक जोडपं होतं, त्यांची दोन महिन्यांची मुलगी उलट्या-जुलाबांनी गेली. मुकादमानं गावात विचारलं. सकाळची वेळ, आम्ही काम करतच होतो. बाप आणि दोघं मजूर ओढ्यावरून येताना दिसले. त्यांच्या बऱ्याच मागं ती आई, ओढ्याच्या अलीकडे थांबलेली. कुणीतरी तिलाही सांगितलं असावं की पुढे यायचं नसतं.

मावशी विळा टाकून ओढ्यात उतरल्या. त्या बाईचा हात धरून तिला वर घेऊन आल्या. गावातल्या कुठल्याही आईनं हे आजवर केलं नव्हतं. बाप खड्डा करत होता, मावशी तिला खड्ड्याच्या अगदी काठावर घेऊन बसल्या.

"नीट बग," त्या मराठीतच म्हणाल्या. "डोळं मिटू नगं. कुटं ठिवत्यात ते बगून घे."

तिला शब्द कळले की नाही, माहीत नाही. पण तिनं डोळे मिटले नाहीत. मुलीच्या पायातला काळा दोरा तिनं स्वतःच्या हातानं सारखा केला. माती पहिल्यांदा तिनं टाकली. धोंडे रचून झाल्यावर तिनं त्या वीरगळाकडे बोट दाखवून मला विचारलं, "ये कौन हैं?" मी म्हणाले, "इधर देखभाल करते हैं." ती त्या तलवारवाल्याकडे बघत बसली. मग तिच्या नवऱ्यानं खांद्याला हात लावला, तशी उठली.

पंधरा दिवसांत त्यांचं काम संपलं आणि ते दुसऱ्या साइटवर गेले. कुठं ते मुकादमालाही नक्की ठाऊक नाही. जायच्या आधी ती मावशींच्या दारात येऊन गेली म्हणे, मी तेव्हा नव्हते. मावशी सांगत होत्या की तिनं चहाही घेतला नाही, उंबऱ्यात थोडा वेळ बसली आणि गेली.

पावसात रानमोडी पुन्हा गुडघ्याच्या वर आली. सुरुवातीला आम्ही चौदा जणी होतो. दोघी वारल्या, एकीला दिसेनासं झालं, काहींच्या सुनांना आवडत नाही. परवा मी, मावशी आणि आणखी दोघी होतो. दुपारपर्यंत खालचा निम्मा भाग झाला.